उघडे पितळ

माणसाने वयाची ऐंशी वर्षे पुरी करावीत, पण ती कुणाला कळू देऊ नयेत, अशा मताला मी आलो आहे. एकदा का घरात कळले, की लोक तुमच्याकडे जुनी वस्तू म्हणून पाहायला लागतात. आणि जुन्या वस्तूशेजारी दुसरी जुनी वस्तूच शोभेल असे त्यांच्या मनात येते. २०२५ साली माझी ऐंशी भरली आणि माझ्यावर हा प्रसंग आला.

औक्षण झाले, सूनबाईंची पुरणपोळी झाली, सौ.चे 'आता तरी गोड कमी करा' हे वार्षिक भाषण झाले, आणि चिरंजीव आतून एक खोके घेऊन आले. "बाबा, डोळे मिटा." मोतीबिंदूच्या दोन ऑपरेशनांवर इतका खर्च झाल्यापासून मला विनाकारण डोळे मिटायला आवडत नाही. तरी मिटले. उघडले तेव्हा टीपॉयवर एक टेलिफोन उभा होता. उभा म्हणजे अक्षरशः उभा. खाली शिसवी दिसणारा लाकडी चौथरा, त्यावर पितळी खांब, खांबाला सांबराच्या शिंगांसारखे दोन फाटे आणि त्या शिंगांवर आडवा टाकलेला पितळी रिसीव्हर. सगळे इतके चकचकीत, की त्यात मला माझे तोंड दिसत होते. आणि ते बरे दिसत नव्हते. दर्शनी भागावर एक मुकुट आणि त्याखाली कोरलेले : लंडन, १८७०.

"ओरिजिनल आहे बाबा! तुमच्या खात्यातला!" चिरंजीव म्हणाले. "सर्टिफिकेटसुद्धा आहे."

आणि सगळे माझ्या तोंडाकडे पाहू लागले. कारण या विषयातला घरातला जाणकार मी. मी १९६६ साली टेलिफोन खात्यात मेकॅनिक म्हणून लागलो आणि २००५ साली निवृत्त झालो. मधल्या काळात खात्याची नावे बदलली, २००० साली त्याचे निगम झाले, पण मी स्टूल बदलले नाही. एकोणचाळीस वर्षे लोकांचे मुके झालेले फोन उघडले, बोलते केले आणि परत पाठवले. सोनाराला सोने हातात घेतल्यावर कळते तसे मला फोन हातात घेतल्यावर कळते. मी रिसीव्हर उचलला. कळले.

"छान आहे," मी म्हणालो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सूनबाई सौ.च्या कानात म्हणाल्या, "अठरा हजार." त्या कुजबुजतात तेव्हा शेजारच्या ब्लॉकमध्ये ऐकू जाते.

त्या रात्री मला झोप आली नाही. सौ.चे म्हणणे पुरणपोळीने. माझे म्हणणे १८७० ने.

आता तुम्ही म्हणाल, एवढे काय त्यात? सांगतो. आणि मी इथे भांडायला बसलो आहे हेही आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना रविवारी सकाळी भांडण नको असेल त्यांनी दुसरे काही वाचायला घ्यावे.

ग्रॅहम बेलसाहेबांना टेलिफोनचे पेटंट मिळाले ते ७ मार्च १८७६ रोजी. म्हणजे आमचा हा फोन टेलिफोनच्या शोधाआधी सहा वर्षे लंडनमध्ये तयार होऊन बसला होता. बारशाच्या आधी मुंज! बरे, झाला असेल तयार. पण तो करणार कुणाला? जगातल्या एकमेव फोनवरून बोलायचे कुणाशी, हा प्रश्न १८७० च्या त्या कारागिराला पडला नसेल का? शिवाय याच्या पोटावर चक्क डायल. बेलच्या फोनलाही डायल नव्हती. रिसीव्हर उचलायचा आणि एक्स्चेंजमधल्या माणसाला सांगायचे, अमक्याला जोडून द्या. मुंबईत १८८२ साली एक्स्चेंज आले तेही याच जातीचे. माणसाची मध्यस्थी काढून आपोआप फोन जोडणारे यंत्र काढले अमेरिकेतल्या आल्मन स्ट्राउजर नावाच्या गृहस्थाने, १८९१ च्या पेटंटात. हे गृहस्थ अंत्यविधीचे सामान पुरवणारे. गावात मयत झाले की लोक फोनवर त्यांना बोलवायचे आणि एक्स्चेंजमधली बाई ते गिऱ्हाईक त्यांच्या प्रतिस्पर्ध्याकडे जोडून द्यायची, असा त्यांना संशय होता म्हणे. त्या संतापातून ते यंत्र जन्मले. बोटाने फिरवायची चकती त्याच्याही नंतरची. तेव्हा १८७० सालच्या फोनला डायल असणे म्हणजे शिवाजीमहाराजांच्या मनगटावर घड्याळ असण्यासारखे आहे.

आणि ती डायल तरी डायल होती का? भोकांत बोट घालून फिरवायला गेलो तर चकती हलेना. पाहतो तर प्रत्येक भोकात एक बटण. दहा आकड्यांची दहा, एक चांदणीचे, एक चौकटीचे, आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात : रिडायल. ज्या काळी जगात पहिला फोन लागायचा होता, त्या काळी पुन्हा लावण्याची सोय!

हे सगळे ज्याला दिसत नाही त्याने अठरा हजार द्यावेत, असे कुणी म्हणेल. माझ्या मुलाला दिसले नाही. तो औषधांच्या कंपनीत हिशेब पाहतो. त्याने फोन उघडून पाहावा अशी अपेक्षा नाही. त्याला एवढेच ठाऊक की बापाने आयुष्यभर फोन दुरुस्त केले आणि बापाकडे आठवण म्हणून एकही नाही. त्याच्या या भल्या इच्छेवर कुणीतरी अठरा हजारांचा डल्ला मारला, हे माझे दुखणे आहे.

तेव्हा तुमच्या मुलाने असे काही आणण्याआधी चार गोष्टी सांगून ठेवतो. फुकट आहेत, सर्टिफिकेट मिळणार नाही.

फोन आधी उचलून पाहावा. आपल्याकडचा काळा फोन आठवतो ना? बंगळूरला १९४८ साली इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज निघाली, तिथे तयार व्हायचा तो. १९३७ साली इंग्लंडच्या पोस्टखात्याने काढलेल्या फोनच्या वळणाचा. तो जड असायचा, कारण पोटात खरोखरच सामान असायचे. तांब्याच्या तारेची वेटोळी, कंडेन्सर, लोखंडी तळ, आणि दोन वाट्यांची घंटी, मध्ये तिचा टोला. बनावट फोनलाही वजन असते, पण ते उघडून बघावे. तळाशी लोखंडाचा एक मुका तुकडा स्क्रूने आवळलेला सापडतो. भाजीवाल्याने तराजूखाली चिंच चिकटवावी तसा.

मग वास. हसू नका. काळा फोन बॅकेलाइटचा. बेकलंड नावाच्या बेल्जियन रसायनशास्त्रज्ञाने १९०७ च्या सुमाराला अमेरिकेत हा पदार्थ काढला. त्यावर अंगठा दाबून, तो चांगला गरम होईपर्यंत घासावा आणि हुंगावा. दवाखान्यात येतो तसा कार्बोलिकचा बारीक वास येतो. प्लॅस्टिकला येत नाही. बॅकेलाइट नखाने वाजवला तर टणक बोलतो, पडला तर कपबशीसारखा फुटतो. आमच्या बाकावर येणाऱ्या फोनांपैकी कितीतरी फोन नवराबायकोच्या भांडणात पडलेले असत. अर्जात मात्र 'मांजराने पाडला' असे लिहिलेले असे. त्या काळी गावातली मांजरे फार बदनाम झाली.

वायर पाहावी. जुनी वायर सुती विणीची, हाताळून हाताळून मळलेली, टोकाला सुटलेली. ती भिंतीवरच्या रोझेटला स्क्रूने आवळलेली असे. फोन उचलून दुसऱ्या खोलीत न्यायचा तर आम्हाला बोलवावे लागे, आणि आम्ही लगेच येत नसू. ज्या फोनच्या वायरीला चिमटीत दाबून खुपसायची पारदर्शक पिन आहे, ती वायर तरी १९७० नंतरच्या युगातली. स्क्रू पाहावेत. जुन्याच्या डोक्याला एक आडवी खाच. फुलीची खाच दिसली की संशय घ्यावा. तळाला हिरवी बनात चिकटवलेली असेल तर तिच्याखाली काय लपवले आहे ते विचारावे. मात्र नुसत्या बनातीवर निकाल देऊ नये, खऱ्या उभ्या फोनांनाही ती असायची.

आणि पितळाची चकाकी हा तर सगळ्यात मोठा कबुलीजबाब. मेणबत्तीच्या स्टँडसारखे उभे फोन इंग्लंड-अमेरिकेत होते, नाही असे नाही. त्यांचा दांडा पितळेचा असायचा, पण त्याच्यावर निकेलचा मुलामा तरी असायचा, नाहीतर काळा रंग. रोज पितळ घासत बसायला तिकडे कुणाला वेळ होता? तो काळा रंग खरवडून पितळ लखलखीत करणे ही नंतरच्या दुकानदारांची हौस. त्यामुळे खराही चकाकतो, खोटाही चकाकतो, आणि मधल्यामध्ये गिऱ्हाइकाचे डोळे दिपतात.

पण हे सगळे बाहेरचे झाले. खरा फोन ओळखायचा तो झिजेवरून. झीज खोटी करणे कठीण, कारण ती माणसाच्या सवयीने होते आणि सवय कारखान्यात तयार होत नाही. डायलच्या भोकांखालचा रंग सगळीकडे सारखा जात नाही. जो आकडा जास्त फिरतो तिथला जातो. बोलायच्या तोंडाशी एक वेगळी काळी लकाकी येते. चोंगा तळहातावर आपटून आपटून त्याच्या कडेला बारीक टवके उडालेले असतात, कारण आतले कोळशाचे कण घट्ट बसले की आवाज खोल जायचा आणि आपटल्यावर पुन्हा यायचा. लोकांना वाटे आपण रागाने आपटतो म्हणून फोन घाबरून चालतो. मी काही वर्षे सांगलीला होतो. हळदीच्या पेठेतला फोन उघडला की आतून पिवळा. घंटीच्या वाट्यांवर हळद, टोल्यावर हळद, हळदीकुंकवाला जाऊन आल्यासारखा. वकिलाच्या फोनला तपकिरीचा वास. डॉक्टरच्या फोनला सगळ्यात जास्त झीज, आणि तीही रिसीव्हर ठेवायच्या खोबणीला. रात्री अपरात्री उचललेला आणि झोपेत आपटलेला. आणि एखाद्या बंगल्यातला फोन असा यायचा की ना झीज, ना टवका. फक्त वरती क्रोशाच्या रुमालाची जाळी उमटलेली. तो फोन कुणी वापरत नसे, दाखवत असत.

आमच्या या १८७० च्या फोनलाही झीज होती! डायलभोवती सगळीकडे, मोजून मापून, सारखी. कानसेने केलेली.

आता इथे दुसऱ्या बाजूच्या लोकांनाही थोडे झोडपणे भाग आहे. वाढदिवसानंतर दोन दिवसांनी ओळखीचे एक संग्राहक गृहस्थ घरी आले. त्यांनी तो फोन दुरूनच पाहून नाक मुरडले, ते ठीकच. पण मग मला ऐकवले की, आपण फक्त 'शुद्ध' फोन घेतो. म्हणजे ज्याचे धड, डायल, रिसीव्हर सगळे एकाच सालचे आणि मूळचे असेल तो. मला हसू आवरेना. अहो, ते शुद्ध मोडायचे कामच मी एकोणचाळीस वर्षे करत होतो! माझ्या बाकावर एका वेळी वीस फोन उघडे पडलेले असत. याची डायल चांगली, त्याचे धड फुटलेले. त्याची डायल याला. एकाचा रिसीव्हर दुसऱ्याच्या मानेवर. संध्याकाळी वीसातले चौदा चालू होऊन जात आणि त्यातला एकही आला तसा परत जात नसे. जो फोन खरोखर नोकरी करून आला आहे त्याचे सगळे अवयव एकाच सालचे असणे अवघड. तसा असलाच, तर तो क्रोशाच्या रुमालाखालचा. तेव्हा तुमचा सोवळ्यातला फोन खरा असेलही, पण तो फारसा बोललेला नसेल. गृहस्थ चहा न घेता गेले.

आणि सगळ्यात गंमत तर पुढेच आहे. ज्यांच्या ज्यांच्या दिवाणखान्यात 'आमच्या आजोबांचा फोन' ठेवलेला असतो, त्यांना मला एकच विचारायचे आहे : तुमच्या आजोबांनी तो परत का केला नाही? कारण आपल्याकडे फोन आजोबांचा नसायचाच. तो सरकारचा. आपण भाडे भरायचे. कनेक्शन बंद केले की खात्याचा माणूस येऊन फोन उचलून न्यायचा. मोठी रक्कम भरून नंबर लवकर लावायची एक योजना होती, तिचे नाव 'ओन युवर टेलिफोन'. पण त्या नावावर विसंबून कुणी फोन पिशवीत घालून निघाला असता तर आम्हीच त्याच्या मागे धावलो असतो. फोनसाठी लोक वर्षानुवर्षे रांगेत असायचे. लग्नपत्रिकेवर, लेटरहेडवर शेजाऱ्याचा नंबर छापून पुढे 'पी.पी.' लिहायची पद्धत होती. अख्ख्या वाड्यात एक काळा फोन, आणि तो वाजला की जिन्यावरून हाका. आजोबांकडे पितळी शिंगांचा फोन होता म्हणणाऱ्याने आधी एवढे सांगावे, की त्या वाड्यात हाका मारायला कोण यायचे?

माझ्याकडे आठवण म्हणून एकही फोन नाही, तो याच कारणाने. चिरंजीवांना वाटते बाबांना सुचले नाही. सुचले होते. पुढे एक्स्चेंजे इलेक्ट्रॉनिक झाली, बटणांचे हलके फोन आले, आणि काळे फोन ढिगाने मोडीत निघाले. किलोवर. एक फोन डब्यात घालून नेला असता तर कुणाला कळले नसते. पण मोडीतला असला तरी तो यादीवर होता आणि यादीखाली माझी सही होती. मी नेला नाही. त्यात फार मोठे काही केले असे नाही. भीतीही होतीच, निवृत्तिवेतन जवळ आले होते. ज्यांत पितळी वाट्या होत्या त्या भंगारवाल्याने काढून वेगळ्या पोत्यात भरल्या. ते पितळ वितळून पुढे कशाकशाचे काय झाले असेल कुणी सांगावे! कदाचित माझ्या टीपॉयवर येऊन उभे राहिलेही असेल.

नातू त्या फोनभोवती दोन दिवस घोटाळला आणि मग त्याने मला विचारले, "आजोबा, तुम्ही राजवाड्यात नोकरीला होता का?" तिथे माझे डोके फिरले. लोक म्हणतात, काय फरक पडतो, दिसायला छान आहे ना? हा फरक पडतो. त्याला आता कायमचे वाटणार, की आपल्या आजोबांच्या काळी फोन असा सोन्यासारखा असायचा आणि लोक मखमलीच्या खुर्चीत बसून बोलायचे. हळदीने माखलेला तो काळा ठोकळा, तो तळहातावर आपटणे, घंटी वाजत असताना तार हाती आली तर पंचाहत्तर व्होल्टचा बसणारा झटका, हे सगळे त्या चकाकीखाली गेले.

घडवणाऱ्याशी माझे भांडण नाही, हे नीट लिहून ठेवा. पितळ खरे होते. ओतकाम सुबक होते, शिंगांची वळणे तर पाहत राहावीत अशी. मुरादाबादेकडे असे हात आहेत, आणि त्या हातांना चार पैसे मिळाले तर मला आनंदच आहे. त्याने फोन करावा, शिंगे दोनाऐवजी चार लावावीत, पण खाली आपले गाव आणि खरे साल घालावे. मी अठरा नाही, पण चार-पाच हजार हसत दिले असते. भांडण आहे ते त्याच्या हातून त्याचे नाव पुसून लंडन लिहवून घेणाऱ्याशी. हात इथला, पितळ इथले, फसणारा इथला; फक्त खोटे तेवढे विलायती!

शेवटी एके सकाळी चिरंजीवांना गच्चीवर नेऊन सांगितले. तो आधी चिडला, मग त्याने दुकानात फोन केला. दुकानदाराने सांगितले, सर्टिफिकेटमध्ये 'अँटिक पद्धतीचा' असे लिहिले आहे, वाचा. वाचले. लिहिले होते. भिंगातून दिसत होते.

"बाबा, तुम्ही त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"तू टाळ्या वाजवत होतास ना, म्हणून."

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "टाकून देऊ का?"

"वेडा आहेस का? मला तू दिलेला आहे तो."

त्या दुपारी स्क्रूड्रायव्हर काढला. ऐंशीव्या वर्षी हात थोडा थरथरतो, पण स्क्रूच्या डोक्यावर ठेवला की थांबतो. मुकुट आणि १८७० कानसेने साफ केले. आतला मुका लोखंडी तुकडा ठेवला, नाहीतर शिंगांच्या भाराने फोन कोलमडतो. मग, दुरुस्त झालेल्या फोनच्या तळाला आम्ही चिकटवायचो तशी कागदाची एक चिठ्ठी चिकटवली : नवीन. मुलाकडून भेट, २०२५. तपासला, चालू. खाली सही. नातवाने ती अक्षर लावून वाचली आणि विचारले, नवीन आहे तर मग तुमचा जुना कसा होता? मी त्याला कागदावर काढून दाखवला. काळा काढायला पेन्सिल पुरली नाही, त्याने काजळाची डबी आणली.

फोन हट्टाने ठेवलेल्या लँडलाइनला जोडून दिला आहे. आवाज स्वच्छ येतो, माझ्या काळ्यापेक्षाही स्वच्छ; हे कबूल करायला हवे. घंटी मात्र रबरी बाहुली दाबल्यासारखी वाजते. त्यावर इलाज आहे, दोन वाट्या आणि एक टोला मिळाला तर अर्ध्या तासाचे काम. पण वाट्या नाहीत माझ्याकडे. घरी आणल्याच नव्हत्या ना.